ओल्या तुसाचा धूर

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कामशेतच्या व्यापारी मंडळाला अकरा महिन्यांनंतर अध्यक्ष मिळाला. पण हे अजून झालंच नाही असं समजून चालायचं, कारण सकाळचे साडेदहा वाजले आहेत आणि खतीजा मुलाणी आपल्या गोदामाच्या दाराला बाहेरून कुलूप घालते आहे.

कडी जागेवर बसत नव्हती. तिनं खांद्यानं दार रेटलं, कडी अडकवली, किल्ली फिरवली आणि मुठीत धरली.

आतून विठ्ठलशेठचा आवाज आला.

"भाभी, वाऱ्यानं दार लागलं वाटतं."

"वाऱ्यानं नाही. मी लावलं."

आत बिर्याणीच्या आमंत्रणावर जमलेले मंडळाचे नऊ कार्यकारी सभासद होते. एवढ्या साध्या वाक्याचा अर्थ लागायला त्यांना बराच वेळ लागला. मग सगळे एकदम बोलायला लागले, म्हणजे नेहमीसारखी सभा सुरू झाली.

जुने अध्यक्ष अंबाजीशेठ मागच्या जूनमध्ये वारले. तेव्हापासून मंडळाच्या चौदा सभा झाल्या. प्रत्येक सभेत नऊजण अध्यक्ष व्हायला तयार होते आणि प्रत्येकाच्या विरोधात उरलेले आठजण होते. उपाध्यक्षपद भांडणं टाळण्यासाठी आधीच रद्द केलेलं होतं. कुणाचं काही अडत नव्हतं. जुनी दुकानं पाडून मिळणाऱ्या नव्या गाळ्यांसाठी लागणारा दाखला, अमुक माणूस इथे दहा वर्षं धंदा करतो असा, प्रत्येकानं अंबाजीशेठ असतानाच सही-शिक्क्यासह घेऊन ठेवला होता. खतीजाच्या नवऱ्यानंही घेतला होता. तो फेब्रुवारीत गेला आणि दाखला तिच्या नावानं नव्यानं हवा झाला. त्यावर फक्त अध्यक्षाची सही चालते. कागद सरकारी कचेरीत द्यायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती. पाचनंतर तिचा गाळा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होता. जुन्या दुकानाचं शटर तर कालच कापून नेलं होतं.

कुलपाची कल्पना रतन साळवेची, पण त्याला तसं म्हटलेलं आवडत नसे. रतन तिच्या चुरमुऱ्यांच्या भट्टीवर होता. मूळचा नगरकडचा, कॅथलिक. वीस वर्षं दर रविवारी लोणावळ्याच्या चर्चमध्ये वेदीवरच्या मेणबत्त्या लावायचा. गेल्या आठवड्यात रोममध्ये नवे पोप निवडले गेले तेव्हा त्यानं भट्टीसमोर उभं राहून फोनवर पांढरा धूर पाहिला आणि डोळे पुसले.

"किती जण होते?" खतीजानं विचारलं होतं.

"एकशे तेहतीस."

"सगळे म्हातारे?"

"बहुतेक."

"आणि दोन दिवसांत उरकलं?"

"आत कोंडतात, भाभी. बाहेरचं काही आत नाही, आतलं बाहेर नाही."

मग त्यानं पुढचंही सांगितलं. साडेसातशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका गावात पोप निवडायला जमलेल्या मंडळींना जवळजवळ तीन वर्षं निर्णय होईना. शेवटी गावकऱ्यांनी त्यांना कोंडून घातलं. जेवण तोडलं, नुसता पाव आणि पाणी. तरी जमेना, तेव्हा छप्पर काढलं. तेव्हापासून कुलूप लावण्याचा नियमच झाला.

"पण खरी गोष्ट कुलपाची नाही," रतन म्हणाला होता. "प्रत्येकाला चिठ्ठी टाकताना शपथ घ्यावी लागते. माझा न्याय करणाऱ्या प्रभूला साक्षी ठेवून सांगतो, देवासमोर मला जो योग्य वाटतो त्यालाच मत देतोय. समोर भिंतीवर शेवटच्या न्यायाचं भलंमोठं चित्र असतं. ती निवडणूक नसते, भाभी, प्रार्थना असते. पवित्र आत्म्याचा आवाज ऐकायचा, म्हणून बाकी सगळे आवाज बंद."

खतीजानं यातला पाव, पाणी आणि छप्पर एवढं लक्षात ठेवलं.

गोदामात समोरच्या भिंतीवर कीटकनाशकाचं कॅलेंडर होतं आणि त्यावर उताणा पडलेला खोडकिडा. रतननं खिडकीच्या गजांतून नऊ चिठ्ठ्या, नऊ पेनं आणि चुरमुऱ्यांचा रिकामा डबा आत दिला. सहा मतं मिळतील तो अध्यक्ष. मग त्यानं खिडकीतूनच प्रत्येकाला कॅलेंडरसमोर उभं करून शपथ दिली. विठ्ठलशेठनं ती चप्पल काढून घेतली. युनूसशेठनं टोपी सारखी केली. सीतारामआबा सगळ्यात वयस्कर. त्यांना दोनदा सांगावी लागली.

"कुणाला द्यायचं म्हनला?"

"देवासमोर जो योग्य वाटेल त्याला, आबा."

"मंग सोपं हाय की," आबा म्हणाले आणि कुणाला दिसू नये म्हणून चिठ्ठीवर हात धरून आपलं नाव लिहायला बसले.

मंडळाचा सेक्रेटरी प्रदीपही आत होता, पण तो पगारी, त्याला मत नव्हतं. त्यानं चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. नऊ चिठ्ठ्या, नऊ नावं. देवासमोर नऊही उमेदवार सारखेच योग्य ठरले.

रतननं चिठ्ठ्या गजांतून घेऊन मागच्या भट्टीत टाकल्या. निवड झाली तर पांढरा धूर, नाही तर काळा, असं त्यानं सकाळीच बाजारात सांगून ठेवलं होतं; म्हणजे आता काळा हवा. पण भट्टीत भाताचं तूस होतं, आणि पाण्याचा ड्रम गळून ते ओलं झालं होतं. ओल्या तुसाचा धूर लोण्यासारखा पांढरा निघतो. तो धुरांड्यातून वर चढला आणि स्टेशनपर्यंत सगळ्यांना दिसला.

पाच मिनिटांत गोदामासमोर नऊ घरांचे नातेवाईक जमले. विठ्ठलशेठच्या भावानं फटाक्यांची माळ लावली. युनूसशेठच्या जावयानं पेढे वाटले. दोन फ्लेक्सची ऑर्डर गेली. सीतारामआबांची सून हार घेऊन आली आणि दुसऱ्या कुणाच्या हातातला हार पाहून तिनं कुत्सित नजरेनं तो फुलं मोजावीत तसा न्याहाळला.

"अजून कुणी झालेलं नाही," खतीजा म्हणाली.

"मग धूर पांढरा कसा?"

"तूस ओलं आहे."

"भाभी, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात ते कळलं हं," जावई म्हणाला आणि त्यानं तिला पेढा दिला नाही.

दुसऱ्या फेरीत रतननं तेलकट बारदान जाळून पाहिलं. धूर थोडा पिवळट झाला. बाहेर पुन्हा माळ लागली.

आत दुसऱ्या फेरीत युनूसशेठना दोन मतं पडली होती. मत गुप्त होतं, त्यामुळे दुसरं कुणाचं याची चौकशी दीड तास चालली. आठही जणांनी आपलं नसल्याचं शपथेवर सांगितलं. शेवटी युनूसशेठही म्हणाले की पहिलं आपलं नाही.

एक वाजता खिडकीतून पाव आणि पाणी गेलं.

"भाभी, बिर्याणीचं काय झालं?" युनूसशेठनं विचारलं.

"अध्यक्षासाठी आहे. कोण आहे?"

"मला पाव चालत नाही, शुगर आहे," विठ्ठलशेठ म्हणाले.

"मग पाणी घ्या."

अडीच वाजता तिनं रतनला शिडी आणायला सांगितली. रतन शिडी घेऊन उभा राहिला, पण चढेना.

"हे बरोबर नाही, भाभी. तिकडं छप्पर काढलं ते पवित्र आत्म्याला आत यायला वाट मिळावी म्हणून, असं म्हणतात."

"आणि इथं काय येईल?"

रतननं वर पाहिलं. मे महिना होता.

"ऊन," तो म्हणाला आणि चढला.

तीन पत्रे निघाले. आत भगभगीत उजेड पडला आणि नऊजण एकाच कोपऱ्याच्या सावलीत गोळा झाले. अकरा महिन्यांत ते एकमेकांच्या इतके जवळ कधी आले नव्हते. तिसऱ्या फेरीत युनूसशेठना चार, विठ्ठलशेठना चार आणि सीतारामआबांना एक. चौथीतही तेच. आबांचं एक मत दोघांनाही हवं होतं आणि पुरणार कुणालाच नव्हतं, हे साडेतीनला प्रदीपच्या लक्षात आलं.

खतीजा खिडकीशी येऊन उभी राहिली. दाखल्याचा कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला होता.

"आबा, मी तुम्हाला पंधरा वर्षं उधारीवर चुरमुरे दिले, रोज चहा पाजला," ती म्हणाली. "माझं एवढं काम करा. कुणीही व्हा. कुणीही."

"मी होतोच हाय की," आबा म्हणाले. "ह्येच ऐकत न्हाईत."

पाहुण्यासारखा बाजूला उभा असलेला रतन तेव्हा गजांशी आला. दिवसभरात तो पहिल्यांदाच कुणी न विचारता आतल्यांशी बोलला.

"पोप निवडायच्या त्या तीन वर्षांच्या भांडणाचा शेवट कसा झाला सांगू? त्यांनी जो निवडला तो त्या खोलीत नव्हताच. तो दूर पवित्र भूमीत होता. पाद्रीसुद्धा नव्हता झालेला. त्याला पत्र पाठवून सांगावं लागलं." तो थांबला. "ज्याला हवं असतं त्याच्याकडं बघत बसलं की दुसरा दिसतच नाही, एवढाच त्याचा अर्थ."

आत नऊजणांनी माना हलवल्या. रतनला वाटलं, शेवटी काहीतरी आत उतरलं.

"म्हणजे बाहेरचा चालतो?" युनूसशेठ म्हणाले.

प्रदीपनं मंडळाची घटना उघडली. "बाजारपेठेतला कुणीही व्यापारी," तो म्हणाला.

प्रत्येकाच्या मनात एकच विचार आला, आणि तो पवित्र नव्हता. उरलेल्या आठांपैकी कुणी होण्यापेक्षा बाहेरचं कुणीही झालेलं बरं. नऊजणांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीत बाजारपेठेतला एकच व्यापारी होता आणि त्याच्या मुठीत किल्ली होती.

पाचव्या फेरीत आठ चिठ्ठ्यांवर खतीजा मुलाणी. नवव्या चिठ्ठीवर सीताराम. आबांनी तत्त्व सोडलं नाही.

धूर निघाला. पांढराच. एव्हाना कुणी वर पाहिलं नाही.

रतननं शर्टाची वरची गुंडी लावली आणि तिच्यासमोर उभा राहिला. तिला वाटलं, तो थट्टा करतोय. तो करत नव्हता.

"रीतीनं झालेली ही निवड तुम्हाला मान्य आहे का?"

"आहे. किती वाजले?"

"चार दहा. नाव कोणतं घेणार?"

"आहे तेच. दाखल्यावर तेच लागेल."

तिनं कुलूप काढलं. नऊजण बाहेर पडले आणि पडल्या पडल्या आपापल्या घरच्यांच्या हाती सापडले. कुणी काही बोलायच्या आत प्रत्येकाच्या गळ्यात हार पडले, आणि पडलेला हार काढून टाकणारा त्यांच्यात एकही नव्हता. तीन मिरवणुका तीन दिशांना गेल्या. बिर्याणीचं पातेलं दोघांनी उचलून नेलं.

मागे प्रदीप राहिला, कारण शिक्का त्याच्याकडे होता. खतीजानं पोत्यावर बसून दाखला मांडीवर पसरला, शिक्क्यावर शाई लावली आणि पेनाचं टोपण दातांनी काढलं.

प्रदीपनं खाकरून घेतलं.

"भाभी, कलम अकरा."

"काय आहे?"

"अध्यक्षाला स्वतःच्या दाखल्यावर सही करता येत नाही. कचेरीत दोन्ही नावं ताडून बघतात. लगेच परत पाठवतील."

तिनं टोपण तोंडातच ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"हे माहीत होतं तुम्हाला?"

"आत्ता वाचलं."

ते खरं होतं. कट करायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्या गोदामात सकाळपासून एकदाही जमली नव्हती.

"मग मी राजीनामा देते."

"तो सर्वसाधारण सभेनं मंजूर करावा लागतो. एकवीस दिवसांची नोटीस."

"पोपनं राजीनामा दिला तर तो कुणाला मंजूर करावा लागत नाही," रतन हळूच म्हणाला. "एका डोंगरात राहणाऱ्या म्हाताऱ्या साधूला असंच बळंच बसवलं होतं. पाच महिन्यांत उतरून गेला."

"त्याला पाच महिने मिळाले," खतीजा म्हणाली. "मला चाळीस मिनिटं आहेत."

लांब कुठेतरी हलगी वाजत होती. वरून उन्हाचा चौकोन सरकत तिच्या पायांपर्यंत आला होता. तिनं पाय मागे घेतले.

"भाभी," रतन म्हणाला, "तिकडं निवडून आल्यावर आधी एका लहान खोलीत नेतात. कपडे बदलायला. तिला अश्रूंची खोली म्हणतात."

"का?"

"तिथं रडतात. आपल्याला हे झेपायचं नाही, हे त्या खोलीत कळतं म्हणे."

"आणि अर्ज कुठं लिहितात?"

 रतननं भट्टीमागची मोरी दाखवली आणि प्रदीपला दंडाला धरून बाहेर नेलं.

ती मोरीपाशी उलट्या डब्यावर बसली.  मग नळ सुटला, बंद झाला आणि कागद फाटल्यासारखा आवाज आला. पावणेपाचला ती तोंड धुऊन बाहेर आली. हातात वहीचं एक पान होतं. दाखल्यावर अजून सही नव्हती. तिनं ते पान प्रदीपसमोर धरलं, त्याच्याकडून आवक क्रमांक घालून घेतला आणि मग स्वतःच्या हातानं त्यावर मंडळाचा शिक्का मारला.

"प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यापारी मंडळ, कामशेत.

विषय : व्यवसायाचा दाखला आजच मिळणेबाबत.

अर्जदार : श्रीमती खतीजा हुसेन मुलाणी, चुरमुरे व तांदूळ, गाळा क्र. ७.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, मी सदर ठिकाणी गेली बावीस वर्षे व्यवसाय करीत असून आपण मला प्रत्यक्ष ओळखता. आपली निवड आजच झाली असून त्यास माझी हरकत नाही. तरी माननीय अध्यक्षांनी, आपण मी नाही असे मानून, आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत सोबतच्या दाखल्यावर सही द्यावी, ही नम्र विनंती."