चिमणीसाठी इस्त्री

आमची जुनी इस्त्री गेली ती नेमकी चिमणीचं लग्न तोंडावर आलेलं असताना. फट्ट आवाज झाला, जरासा धूर आला आणि संपलं. आमच्या ह्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला, इस्त्रीची आतडी टेबलावर काढली, पुन्हा आत कोंबली, आणि दोन स्क्रू हातात शिल्लक उरले तेव्हा म्हणाले, "नवीनच घे." हे आधी सांगितलं असतंत तर माझं टेबल तरी वाचलं असतं, म्हटलं.

चिमणी म्हणजे माझी नणंद. नाव लहानपणी पडलं, तेव्हा ती मुठीएवढी असेल. आता दारातून आत येताना वाकते. पन्नाशी ओलांडली तिने. मी या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी मागच्या खोलीत लोकांच्या गोधड्या शिवतो, कपड्यांची बारीकसारीक कामंही घेतो. ती मशीनवर आणि मी तिच्या डाव्या अंगाला, इस्त्रीच्या टेबलापाशी उभी. मी डावरी, ती उजवी, त्यामुळे एवढ्याशा खोलीतही कोपराला कोपर लागत नाही. भांडायला मात्र जागा पुरते.

ती दोन तुकडे जोडते आणि मान वर न करता हात माझ्याकडे करते. मी घेते, शिवण दाबते, परत देते. शिवण सपाट बसली नाही तर गोधडीचे कोपरे एकमेकांना भेटत नाहीत. म्हणून इस्त्री घासायची नसते. ठेवायची, दाबायची, उचलायची. शर्टावर फिरवतात तशी सरसर फिरवली की कापड ताणतं आणि चौकोनाचा पतंग होतो. चिमणीला हे हजारदा सांगून झालं. पण तिच्या हातात इस्त्री दिली की घासलीच म्हणून समजा!

आणि ही बाई आता लग्न करून चालली होती. नवरदेव म्हणजे आमचा पोस्टमन. पँटची उंची कमी करायला म्हणून आला, आणि मग दर आठवड्याला तीच पँट घेऊन यायला लागला. पँट पोटरीपर्यंत आली तेव्हा मीच म्हटलं, "अहो, आता विचारून टाका, नाहीतर चड्डीवर टपाल वाटायची वेळ येईल." त्याने विचारलं. चिमणी अशी लाजली की सुई उलटी ओवायला बसली. मला तर इतका आनंद झाला की मशीनच्या तेलाची बाटलीच सांडली.

आनंद खराच होता. पण त्याचं घर पुलापलीकडे, आणि एकदा तो बोलता बोलता म्हणून गेला, "हिच्यासाठी खिडकीजवळची जागा मोकळी केलीय." म्हणजे मशीन तिकडे जाणार हे उघडच होतं. आमचे हे टेप घेऊन मशीनचा कोपरा मोजून गेले. त्यांना तिथे आरामखुर्ची ठेवायची होती. मी तो टेपच लपवून ठेवला. काहीतरी बिनसलंय, एवढं तरी माणसाला कळावं की नाही? त्या खोलीत आता आपण एकटीच, हाच विचार दिवसभर डोक्यात असायचा. मला तर आता इस्त्री तरी कशाला हवी होती, मी कुणाच्या शिवणी दाबणार? प्रश्न तिचा होता. तिकडे हिला इस्त्री कोण करून देणार? मग मी ठरवलं, लग्नात हिला इस्त्रीच द्यायची. हिने कितीही घासली तरी चौकोन वाचवेल अशी.

तिला एवढंच म्हटलं, "चल, इस्त्री घ्यायचीय." तिच्याच लग्नाची गोधडी अर्धवट पडली होती. तिचे न दाबलेले चौकोन मी पिशवीत भरले. इस्त्री काय नुसती डब्यावरचं चित्र बघून घेतात?

दुकानातला सेल्समन गोड होता बिचारा. त्याने इस्त्रीचं टेबल मांडलं, नमुन्याचा रुमाल अंथरला. मी रुमाल बाजूला सारला आणि आमचे चौकोन काढले.

"ही घ्या काकू, एकदम हलकी. हात दुखणार नाही."

"हात दुखू नये म्हणून नाही घेत रे, शिवण बसावी म्हणून घेते."

दाबून पाहिली. शिवण हूं की चूं करेना. दुसरी वाफेची होती. तिने भसाभसा वाफ सोडली आणि निळ्या कापडावर पाण्याचे ठिपके उडवले. "ही थुंकते," मी म्हटलं, "उचल." तिसरी आपोआप बंद व्हायची. सोय म्हणे. मी एक शिवण दाबून दुसरा चौकोन नीट लावेपर्यंत बाईसाहेब गार! आमच्या कामात इस्त्री उभी राहून वाट बघते, झोपा काढत नाही. तोवर चारपाच गिऱ्हाइकं भोवती जमली होती आणि किटली घ्यायला आलेली एक बाई मला तिच्या पडद्यांबद्दल विचारत होती.

चौथी मात्र फक्कड निघाली. वजनाला भरपूर, तळ गुळगुळीत, कुठेही भोक नाही आणि टोक असं की शिवणीच्या कोपऱ्यात बरोबर शिरावं. मी चिमणीच्या हातात दिली. तिने एक चौकोन दाबला, दुसरा दाबला, आणि नाक मुरडलं. "नको. वायर मधे येते."

"कुठे मधे येते? उजवीकडून तर जातेय."

"म्हणूनच मधे येते."

मी सेल्समनकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. डोक्याला हात लावायचाच बाकी होता. एवढी सुंदर इस्त्री, आणि हिची आपली किरकिर! दोन शब्द सुनावावेत म्हणून तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे माझं तिच्या हाताकडे लक्ष गेलं. इतका वेळ ती प्रत्येक इस्त्री डाव्या हातात धरत होती. वायर कापडावरून फरफटत होती आणि तिचं मनगट पार वाकडं झालं होतं. आणि बाई घासतही नव्हती. ठेवत होती, दाबत होती, उचलत होती.

"अगं चिमणे, डाव्या हातात काय धरलीयस?"

"मग? वापरणार कोण?"

"तूच की! तुझ्या घरी न्यायला घेतेय ना मी!"

"माझ्या घरी कशाला?" तिने इस्त्री उभी केली. "मी सकाळी कामाला येणार, संध्याकाळी घरी जाणार. वहिनी, मी लग्न करतेय, नोकरी सोडत नाहीये."

"आणि मशीन? खिडकीजवळची जागा?"

"तिथे मला टोमॅटो लावायचेत. मशीन कुठे जातंय! तुझ्या उजवीकडे दुसरं कोण बसणार आणि बसली तरी तुझी बडबड कोण ऐकून घेणार?"

"मग हे आधी सांगायला तोंडाला काय कुलूप होतं?"

"तू विचारलंस? आणि यात विचारायचं काय?"

मला रडू फुटलं. भर दुकानात, किटल्या-मिक्सरांच्या मधोमध, हुंदके देऊन रडले मी, आणि हसलेही. सेल्समन घाबरला. त्याला वाटलं, इस्त्रीचा चटका बसला. चिमणीने गोधडीच्या चौकोनाने माझे डोळे पुसले. मी तिच्यावर खेकसले की तो आत्ताच दाबलाय, आता ओला केलास. मग पडदेवाल्या बाईंनाही रडू आलं, त्यांचं काय कारण होतं देव जाणे.

"काका," चिमणी सेल्समनला म्हणाली. तो बिचारा तिच्या निम्म्या वयाचा असेल. "ज्याची वायर चारी बाजूंना फिरते असं काही आहे का? आमच्या वहिनी डावऱ्या आहेत."

त्याने खालच्या फळीवरून एक खोकं काढलं. वजनदार, टोकदार, बिनभोकांची, आणि वायर हात नेईल तिकडे वळत होती. मी डाव्या हातात घेतली आणि माझे डोळे पुसलेला चौकोनच पुन्हा दाबला. वायर बाजूने गेली, अंगावर आली नाही. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कळलं की वायर मधे न येणं कसं असतं.

"हीच," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"नक्की ना?" सेल्समनने पिशवीत डोकावून पाहिलं. "का अजून चौकोन बाकी आहेत?" बाकी नव्हते. बोलता बोलता लग्नाची अख्खी गोधडी दुकानातच दाबून झाली होती.

लग्न झकास झालं. नवरदेवाने नवीन पँट घातली होती, पूर्ण लांबीची. आमच्या ह्यांची आरामखुर्ची गेली गॅलरीत. तिथे ऊन लागतं म्हणून ते अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

लग्नानंतर कामाचा पहिला दिवस उजाडला. आज ती येणारच नाही, असं मनाला बजावत मी सकाळपासून पुढच्या दारात उगीच पायपुसणं झटकत होते. तेवढ्यात खालून पोस्टमनची हाक आली, "टपाल!" मी धावत जिना उतरले. पत्र नव्हतंच. त्याच्या सायकलीच्या कॅरिअरवरून चिमणी उतरत होती, डबा सांभाळत, चाकात साडी अडकेल म्हणून त्यालाच ओरडत. मी बघतच राहिले.

"अशी काय बघतेस?" ती म्हणाली. "इस्त्री तापत ठेवलीस का?"