शिंगाळ्याचं काळीज

प्रेमलाच्या मुलीला मासळी बाजाराची बंदी होती. तळवलीत, मासळी विकणाऱ्या घरात जन्मलेल्या पोरीला बाजार बंद, हे ऐकून गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण प्रेमलापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. पाचवीत असताना भाग्यश्री घरी येऊन ‘मी डॉक्टर होनार’ म्हणाली, त्या दिवसापासून प्रेमलाने तिला सुरीला हात लावू दिला नाही. घरी कालवण व्हायचं, पण मासळी साफ होऊनच यायची. डॉक्टरच्या हाताला मासळीचा वास येता कामा नये, असं प्रेमलाचं ठाम मत. डॉक्टरच्या हाताला कसकसले वास येतात हे तिला कोण सांगणार?

अशी ही जपलेली भाग्यश्री एकोणीस वर्षांची झाली आणि नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, दुसऱ्यांदा बसत होती. गेल्या वर्षी सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं होतं. बाप हिरामण रबाळ्याच्या कंपनीत पाळीने कामाला जायचा. ‘अजून एक वर्ष घे, टेन्शन नको घेऊ,’ म्हणाला आणि पोरीचं नाव कोपरखैरण्याच्या क्लासात परत घातलं. वर्षभर तिने जीव तोडून अभ्यास केला. बायोलॉजीचं पुस्तक तर असं पाठ, की कुठलं वाक्य कुठल्या पानावर कुठल्या कोपऱ्यात आहे तेही डोळे मिटून सांगावं.

आणि परीक्षेला आठ दिवस उरले असताना या पोरीने मनाशी ठरवून टाकलं होतं, की पेपर मुद्दाम बिघडवायचा. येत असलेली उत्तरं चुकीची भरायची.

कारण एकच होतं आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. जानेवारीत क्लासच्या सरांनी हुरूप यावा म्हणून पडद्यावर एक ऑपरेशन दाखवलं. छातीवर पहिली रेघ उमटली, रक्त आलं आणि भाग्यश्रीच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. बाकीची पोरं पुढे सरकून बघत होती. ही भिंत धरत धरत बाथरूममध्ये गेली आणि थंड लादीवर बसून राहिली. मैत्रिणींना म्हणाली, संकष्टीचा उपवास आहे. पुढे तिने मोबाईलवर दोनदा हिंमत करून पाहिली, दोन्ही वेळा तेच झालं. जिला रक्त बघवत नाही ती कसली डॉक्टर होणार? आईबापाला हे सांगण्यापेक्षा नापास होणं तिला सोपं वाटत होतं. नापास झालेल्या मुलीला फार कोणी प्रश्न विचारत नाही.

त्याच आठवड्यात, शनिवारी, प्रेमलाला शिंगाळ्याचा काटा लागला. खाडीतल्या या माशाच्या गालाशेजारी दोन काटे असतात, ते विषारी. रात्रीतून उजवा हात पावासारखा फुगला. डॉक्टरने इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली आणि चार दिवस घरी बसा म्हणाला. पण रविवार म्हणजे मासळीवालीची दिवाळी, ती कशाला ऐकते! हिरामणची सकाळपाळी होती. शेवटी प्रेमलाच नाक मुरडत म्हणाली, “चल बाय. पन पिशव्या भरायच्या नि पैशे घ्यायचे. सुरीकडं बघायचं पन नाय.”

घणसोलीच्या बाजारात त्या सकाळी चालायला वाट नव्हती. भाग्यश्री आईच्या मागे स्टुलावर बसली आणि नजर गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवरून खाली म्हणून उतरू देईना. प्रेमला डाव्या हाताने बोंबील, मांदेली तोलून देत होती. मोठं कापायचं काम ती शेजारणीकडे सरकवत होती. दहाच्या सुमाराला शेजारणीचंच दुकान गर्दीने भरलं आणि नेमक्या तेव्हा गीतांजली मॅडम आल्या. सेक्टरमधल्या एका सोसायटीत राहणाऱ्या, दर रविवारच्या.

“मावशी, शिंगाळा द्या. जिवंत आहे ना? आणि लवकर हां, पाहुणे येऊन बसतील.”

शिंगाळा जिवंत होता. टबात गुरगुरत होता. प्रेमलाने काल त्याच्या भावाकडून मार खाल्ला होता, तरी तिने डाव्या हातात सुरी घेतली. पण सुरी चालवायची तर मासा कोणी धरायचा? मासा धरायच्या फडक्याभोवती पट्टीचा हात वळेना. मासा कापायच्या लाकडी ठोकळ्यावरून दोनदा निसटला.

“मी धरते,” भाग्यश्री म्हणाली. आपण हे कसं बोललो, तिलाच कळलं नाही.

“तू नको.”

“आई, परत काटा लागंल तुला. दे इकडं.”

मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. प्रेमलाने एकदा पोरीकडे बघितलं, कुठे धरायचं ते दाखवलं, काटे मोडून बाजूला टाकले. भाग्यश्रीने फडक्यात मासा दाबून धरला आणि डोळे गच्च मिटले. सुरी ठोकळ्यावर आपटल्याचा आवाज आला. मनगटावरून काहीतरी ओलं ओघळलं. आता अंधार येणार, म्हणून ती वाट बघत राहिली.

पण पुढचा आवाज येईना. सुरी थांबली होती.

“मावशी, काय झालं?” गीतांजली मॅडमचा आवाज.

“थांबा बाई. काळीज उडतंय अजून.”

भाग्यश्रीने डोळे उघडले.

माशाचा गळा उघडा होता आणि कल्ल्यांच्या मागे, बोराएवढं, गडद लाल असं ते होतं. आणि ते चालू होतं. मागची पातळ, फिक्की पिशवी आधी भरायची, मग पुढची जाड लाल गाठ आवळायची. परत भरायची, परत आवळायची. डोकं कापलं गेलं होतं. वरून हुकूम द्यायला कोणीही उरलं नव्हतं. तरी ते आपलं काम चुकवत नव्हतं.

पुस्तकात एक वाक्य होतं. माशाचं हृदय दोन कप्प्यांचं, एक अलिंद, एक निलय. भाग्यश्रीने त्याखाली पिवळी रेघ मारली होती. पुढच्या एका पानावर, हृदयाचे ठोके हृदयातच सुरू होतात, असंही होतं. त्यालाही पिवळी रेघ. दोन्हींवरचे प्रश्न तिने सगळ्या चाचण्यांत बरोबर सोडवले होते. आणि आज तिला कळलं, की त्या वाक्यांचा अर्थ तिच्या गावीही नव्हता. हे असं असतं? तिला ओरडून सगळ्या बाजाराला बोलवावंसं वाटलं. अरे इकडे या, कोलंबीचा भाव काय करताय, हे बघा इथे काय चाललंय!

“आई, हे तू रोज बघतेस?”

“रोज म्हंजे, जित्ता मासा असला तर. तुजी आजी धोंडूबाई सांगून गेली हाय, उडतं काळीज कापायचं नाय. थांबेपरत थांबायचं, मंग हात लावायचा.” प्रेमलाने बाजूची स्टीलची वाटी पुढे ओढली. त्यात पाणी होतं. “आनि विकायचं बी नाय. सांजच्याला खाडीत सोडायचं.”

ती वाटी भाग्यश्रीने लहानपणापासून बघितली होती. रोज संध्याकाळी आई ती घेऊन खाडीवर जायची, धुऊन आणायची आणि मोरीच्या कट्ट्यावर पालथी घालायची. भाग्यश्रीला वाटायचं, मांजराचं काहीतरी असेल. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीने घरातली एवढी गोष्ट कधी विचारली नव्हती. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं ही बाई ओरडणारी गिऱ्हाइकं खोळंबून ठेवून एकेका काळजाशेजारी थांबत आली होती. भाग्यश्री आईकडे अशी बघत राहिली, जणू आजच ओळख झाली.

“पन बाय,” प्रेमला हळूच म्हणाली, “तू शिकलीस ना. ह्याला चालवतं कोन? मी आपली समजते का खाडी चालवते. आत पानी ऱ्हातं तवर.”

“कोनी नाय, आई. ते आपलं आपनच चालतं. त्याच्यातच एक जागा असते, ती सुरुवात करते. आपल्या छातीत पन तसंच हाय.”

“आपल्या पन? कोन सांगत नाय?”

“कोनी नाय.”

प्रेमलाने सुजलेला हात नकळत छातीवर ठेवला. गीतांजली मॅडम पाहुणे विसरून ठोकळ्यावर वाकल्या होत्या. काळीज मंद होत होत थांबलं, तेव्हा प्रेमलाने ते वाटीतल्या पाण्यात सोडलं. मग भाग्यश्रीला आपले हात दिसले. कोपरापर्यंत रक्त होतं, बांगडीत पण गेलं होतं. आणि डोळ्यांपुढे लख्ख उजेड होता.

“आई, मला रक्त बघून चक्कर येते,” ती एका दमात बोलून गेली. “म्हनून मी पेपर खराब करनार होते. सगळं येत असून.”

गिऱ्हाइकांसमोर आता आई पोरीच्या तोंडात मारणार, असं शेजारणीला वाटलं असावं, कारण तिने हातातलं पापलेट खाली ठेवलं. पण प्रेमलाचा चेहरा भलताच पडला होता.

“मी तर पयल्याच दिवशी ह्याच ठोकल्यावर आडवी झालेली,” ती म्हणाली. “नवी नवरी. तुज्या आजीनं बर्फाचं पानी मारलं तोंडावर. आठ दिवस रोज पडायची. नवव्या दिवशी नाय पडली. तुला त्ये भोगाय लागू नये म्हनून लांब ठेवली गं. माजंच चुकलं.”

तेवढ्यात मागून एक आजोबा ओरडले, “अहो, दुसरा शिंगाळा मला पाहिजे, तेवढा कापून द्या!”

प्रेमलाने सुरीकडे हात नेला आणि मग तशीच मूठ पुढे करून सुरी मुलीला दिली. भाग्यश्रीने टबातून मासा फडक्यात घेतला, आईने दाखवले तसे काटे मोडले. पहिला घाव वाकडा बसला. दुसरा बरोबर बसला. तिने डोळे मिटले नाहीत.

“झालं का गं? किती वेळ?” आजोबा म्हणाले.

भाग्यश्री ठोकळ्यावर वाकली होती. तिने मान वर केली नाही.

“थांबा आजोबा,” ती म्हणाली. “काळीज उडतंय अजून.”