पाणचक्कीची लाईट

बनुबाईनं गंजलेल्या कुलपात खोबरेल सोडलं, किल्ली दोनदा फिरवली आणि दार ढकललं. आतून कोंदट वास आला. वीज जोडायला आलेला जयराज शिडी घेऊन आत शिरला.

"हे कुणाचं घर, मावशी?"

"नानासोचं. माझा धाकला दीर. पुण्याला असतोय."

वाडीतल्या बंद घरांच्या किल्ल्या तिच्याकडंच होत्या; सकाळपासून तिनं उघडलेलं हे सातवं कुलूप.

खाली ओढ्यावर तिच्या सासऱ्यांची दगडी पाणचक्की होती. एके काळी चार गावांची नाचणी तिथं दळली जाई. या डोंगरात विजेच्या तारा कधी पोचल्या नाहीत आणि वाडीतली माणसं एकेक करून खाली उतरली. चक्कीच्या पाण्यावर वीज करता येते, असं कळल्यावर बनुबाईनं पाटणच्या कचेरीत तीन वर्षं खेटे घातले. आता जुन्या लाकडी चक्राच्या जागी लोखंडी टर्बाइन बसलं होतं.

"मावशी, वाडीत राहतं कोण?"

"मी. बाकीची येत्यात की. लाईट न्हाई म्हणूनच गेली हुती समदी."

उरलेल्या घरातही जयराजनं तितक्याच निगुतीनं दिवा बसवला.

ऊन उतरल्यावर त्यानं पाटाचं पाणी सोडलं. चक्कीतून घुमल्यागत आवाज आला आणि नऊच्या नऊ घरं उजळली. बनुबाई वाटेच्या मधोमध उभी राहून एकेका दाराकडं बघत राहिली.

"वीरधवलला फोन लावून दे, बाळा," ती म्हणाली. वीरधवल तिचा मुलगा, लोणंदला कारखान्यात होता.

"आली बघ लाईट. नानासोच्या घरात बी आली."

"लय ब्येस झालं, आई. तुझाच घोर हुता बघ. दिवाळीला तुला हिकडंच आणायचं ठरवलं हुतं आमी. खोली बी बघितली हुती. आता लाईट हाय म्हटल्यावर निवांत ऱ्हाशील तितं."

"व्हय," बनुबाई म्हणाली. "ऱ्हाईन की."

फोन परत देण्याआधी तिनं तो पदरानं पुसला.

जयराज सामान आवरू लागला. बनुबाई त्याच्याजवळ आली.

"ही मशीन बंद कशी करायची रं?"

"पाटाच्या तोंडाची फळी खाली सोडायची, की झालं. का, मावशी?"

"काय न्हाई. एकट्या बाईला जमतंय का, तेवढंच इचारलं."