भिंतीवरचे साहेब

गावाला देश कधी भेटायला आला नाही. आला तो फोटोतून. ग्रामपंचायतीच्या हॉलात ओळीनं फोटो लागलेले होते: गांधीजी, नेहरू, सावित्रीबाई, बाबासाहेब आणि आणखी दोन-चार थोर माणसं, ज्यांची नावं ग्रामसेवकही जरा अंदाजानंच सांगायचा. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला त्यांच्या काचा पुसायच्या, हार घालायचे, मग झेंडा. वर्षातून दोनदा एवढा देश गावाला पुरायचा. ओळीतलं कोणीच हयात नव्हतं. त्यामुळे देश म्हणजे मेलेल्या मोठ्या माणसांची भिंत, अशी गावाची पक्की समजूत होती. जिवंतांनी खाली सतरंजीवर बसायचं.

त्या भिंतीवर एका पावसाळ्यात जिवंत माणूस चढला. चढवला उपसरपंच मनिषनं. मनिष धानाच्या गिरणीवाल्याचा पोरगा. पक्षात त्याचं पद काय, ते त्याच्या गाडीच्या काचेवर लिहिलं होतं, पण इतकं लांबलचक की ते पूर्ण वाचेपर्यंत गाडी निघून जायची. त्यानं लाखांदूरहून पक्षाच्या सगळ्यात मोठ्या साहेबांचा फोटो मढवून आणला. साहेब तेव्हा देश चालवत होते. फ्रेम बाकीच्यांच्या दुप्पट, कडेला सोनेरी नक्षी. ती मावेना म्हणून गांधीजी डावीकडे सरकले आणि बाबासाहेब कोपऱ्यात विजेच्या मीटरवर गेले.

"बाबासाहेबाले मीटरजवळ काहून नेलं, मनिषभाऊ?" सरितानं विचारलं.

"तात्पुरतं हाये, सरपंचबाई."

ग्रामपंचायतीत जे जे तात्पुरतं होतं ते तिथंच जुनं झालं होतं. सरिताला ते माहीत होतं. पण तिला त्या दिवसांत मनिषशी भांडण परवडणारं नव्हतं.

सरिता गजभिये राखीव जागेवरून सरपंच झालेली. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पलीकडच्या बौद्ध वस्तीतली. गावात नळ आले तेव्हा लाईन मारुतीच्या देवळापर्यंत आली आणि थांबली. वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर. वस्तीत एक हातपंप, त्याचं पाणी तांबूस, डाळ शिजायची नाही. खुर्चीवर बसल्यापासून सरितानं एकच ध्यास घेतला होता. यष्टीनं लाखांदूरला जायचं, पंचायत समितीच्या बाकावर बसायचं, तिथले अधिकारी जेवायला गेले तर ते जेवून येईपर्यंत बसायचं. शेवटी काम मंजूर झालं. निळे पाईप येऊन ग्रामपंचायतीच्या आवारात पडले. भात कापणी झाली की खोदकाम, असं ठरलं. वस्तीतल्या बाया येता-जाता त्या पाईपांना हात लावून जायच्या.

मग पंधरा ऑगस्ट आला. ग्रामसेवकानं हार आणले होते, भिंतीवर जितके फोटो तितके. सरिता डोक्यावर पदर घेऊन एकेकाला हार घालत पुढं सरकली. मोठ्या साहेबांच्या फ्रेमसमोर आली आणि तिचा हात थांबला.

तिनं आयुष्यात पहिला हार घातला तो स्वतःच्या नवऱ्याच्या फोटोला. अंकुश धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतात, बांधीतच, वीज पडून गेला. घरात त्याचा फोटो नव्हता. रेशन कार्डावरचा इवलासा चेहरा स्टुडिओवाल्यानं मोठा केला आणि त्याला निळा कोट, टाय चिकटवून दिला. जिवंतपणी जो कोट अंगाला लागला नाही तो मेल्यावर मिळाला. त्या कोटावर हार पडला तेव्हा कुठं सरिताला पटलं की नवरा आता येत नाही. तेव्हापासून फोटोवर हार म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज उरली नव्हती. सासू बायजाबाई तर म्हणायची की जित्याच्या फोटोले हार घातला का त्याचं आयुष्य घटते. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरातही एखादी भीती मागच्या दारानं आत येतेच.

"राहू द्या, ह्या साहेबाले नको," सरिता ग्रामसेवकाला म्हणाली. "जित्ता माणूस हाये. शंभर वर्षं जगो."

उरलेला हार तिनं बाहेर नेऊन झेंड्याच्या खांबाच्या पायाशी ठेवला. झेंडा फडकला, पोरांना बुंदी वाटली, सगळे घरी गेले.

संध्याकाळपर्यंत हार घालतानाचा व्हिडिओ जिल्हाभर गेला होता. त्यात सरिता बाबासाहेबांना हार घालते, मग मोठ्या साहेबांसमोर येते, हात मागं घेते आणि म्हणते, "ह्या साहेबाले नको." तिथंच तो संपायचा. पुढचं वाक्य कोणी कापलं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि कोणीही बोलत नव्हतं. खाली लिहिलं होतं की हिला फक्त आपलाच माणूस दिसतो, देश दिसत नाही.

दोन-चार दिवसांत अनोळखी फोन येऊ लागले. कुठल्या कुठल्या शहरातली माणसं, कोणी हिंदीत, कोणी मराठीत, सरिताला देशातून चालती हो म्हणायची. ती आसगावात जन्मली, लग्न करून इकडं आली, नागपूरच्या पुढं कधी गेली नाही. चालती होऊन कुठं जायचं हे त्यांनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिला रडू आलं नाही, राग आला. ज्या माणसाच्या जिवाला जपून तिनं हात मागं घेतला, त्याच्याच नावानं लोक तिला शिव्या देत होते.

मनिष घरी आला, ओसरीत खाटेवर बसला, चहा घेतला. आवाज मऊ केला.

"सरपंचबाई, वरून फार प्रेशर हाये. मले काय, मी तुमच्याच बाजूनं हावो. गांधी जयंतीच्या ग्रामसभेत साहेबाले सगळ्यांसमोर हार घाला. मी व्हिडिओ काढतो, वर पाठवतो, विषय खतम."

"आन् नाही घातला त?"

"मेंबर लोक अविश्वास आणून राहिले. मंग पाईप कुठं टाकाचे, ते नवा सरपंच पाहील."

तो गेल्यावर बायजाबाईनं सुपातलं धान्य पाखडून घेतलं. मग म्हणाली, "घाल वो बाई. त्याच्या आयुष्याचा ठेका आपण नाही घेतला. पाणी आपलं हाये."

सरितानं मान हलवली. म्हातारीचं खरं होतं. पाण्यापुढं कसली रीत आणि कसली भीती.

गांधी जयंतीला हॉल फुलून गेला. एरवी ग्रामसभेला कोरम भरायला माणसं पानठेल्यावरून धरून आणावी लागत. त्या दिवशी खिडक्यांतही माणसं होती. मनिष मोबाईल धरून पुढं उभा. ग्रामसेवकानं ताट पुढं केलं. त्यात एकच हार, निशिगंधाचा, जाडजूड.

सरिता म्हणाली, "मी हार घालतो. पण जित्त्या माणसाले कसा घालतेत ते मले येत नाही. मले जसं येते तसं करतो."

"करा, करा," मनिष म्हणाला.

तिनं फ्रेमवर हार चढवला. तो नीट सारखा केला. खाली मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, हात जोडले. मग दोन पावलं मागं आली, पदर पुढं ओढला आणि मान खाली घालून गप्प उभी राहिली.

हे दृश्य गावाच्या अंगवळणी पडलेलं होतं. आपल्याकडं चिता पेटली की स्मशानातच शोकसभा होते. चार जण बोलतात, मग सगळे उठून मौन पाळतात. पहिल्या रांगेतले म्हातारे उठले. त्यांच्यामागं बाया उठल्या. मग सतरंजी सगळी रिकामी झाली. माना खाली गेल्या, खिडकीतल्यांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. मनिषही ताठ उभा राहिला, मोबाईल मात्र चालूच. गावातल्या प्रत्येक शोकसभेत शेवटी बोलायचा मान वासुदेवरावांचा. त्यांनी घसा खाकरला आणि सवयीनं म्हणाले, "मृतात्म्यास शांती लाभो. बसा."

सगळे बसले. बसल्यावर एकमेकांकडं पाहायला लागले. मागून कोणीतरी फिसकन हसलं. वासुदेवरावांचं तोंड पांढरं पडलं. मनिषनं मोबाईल खाली केला, काहीतरी दाबलं, पुन्हा दाबलं. तो व्हिडिओ कुठंच गेला नाही. जाणार कसा? त्यात मनिष स्वतः साहेबांसाठी मौन पाळत उभा होता.

घरी आल्यावर बायजाबाईनं विचारलं, "मुद्दाम केलं का तू?"

"हो," सरिता म्हणाली. "आधी नाही. हार हातात घेतला, तवा."

तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आठ-दहा दिवस वाटत राहिलं. मग अविश्वास ठराव आला आणि पास झाला. ज्या मेंबरांनी उठून मौन पाळलं होतं त्यांनीच हात वर केले. नवा सरपंच मनिषच्या शब्दाबाहेर नव्हता. सव्वीस जानेवारीला त्यानं सगळ्या फोटोंना हार घातले, सगळ्यात मोठा मोठ्या साहेबांना. कोणाला काही वावगं वाटलं नाही. वासुदेवरावांनीही वाकून नमस्कार केला.

पाईप उन्हाळ्यात उचलले गेले. मनिषच्या गिरणीकडं नवी आठ-दहा घरं झाली होती, लाईन तिकडं गेली. निळा पाईप मातीखाली जाताना वस्तीतली पोरं काठावर उभं राहून पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सरिता हातपंपावर गेली. पुढं शेजारची रुखमा दांडा मारत होती. सरिता निवडून आली तेव्हा ह्याच रुखमानं तिला ओवाळलं होतं. रुखमानं मागं न पाहता विचारलं, "तुझं त झालं मनासारखं. दोन रुपयांचा हार, नुसता घालून घरी आली असती त काय बिघडत होतं?"

रांगेतली एकही बाई तिला गप्प बस म्हणाली नाही. भिंतीवरच्या साहेबांनी सरिताला ओळखलंसुद्धा नसेल. रुखमा तर रोज दारासमोरून जाणार होती. सरितानं कळशी उचलली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.