वरच्या मजल्यावरच्या उड्या

ऋतिकाने खेळण्यातल्या लाकडी घराच्या दुसऱ्या मजल्यावर बाहुली ठेवली आणि लगेच दोन बोटांत धरून उचलली. मग पाय जमिनीला टेकणार नाहीत अशा बेताने ती तिला भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"ही कडेकडेने चालते," शलाकाताई म्हणाल्या. का, ते विचारलं नाही.

सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या कैलासच्या मात्र तो प्रश्न ओठांवर आला होता. ऋतिका, त्याची आठ वर्षांची मुलगी, घरात अशीच चालायची, चवड्यांवर, भिंतीला धरून. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्यांच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीची जमीन स्लॅबसकट खाली बनूबाईंच्या घरात कोसळली, तेव्हापासून. बनूबाई भाजी आणायला गेल्या होत्या. ऋतिका नुकतीच आत आईजवळ आली होती. कुणाला खरचटलंही नाही. बिल्डिंग रिकामी केली, आणि कैलासने अंबरनाथला शिवमंदिराजवळ पहिल्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं. हाडांच्या डॉक्टरांना ऋतिकाच्या पायात काही सापडलं नाही. शेवटी शाळेतल्या बाईंनी शलाकाताईंचं नाव सांगितलं. त्या मुलांशी खेळतात आणि खेळता खेळता मुलं बरी होतात, एवढंच कैलासला कळलं होतं.

इतके दिवस तो बाहेर बाकावर बसायचा. आज ऋतिकानेच त्याला आत बोलावलं होतं.

"ती सांगेल तेवढंच करा," शलाकाताईंनी आधीच बजावलं होतं. "समजवायला जाऊ नका."

ऋतिकाने शर्ट घातलेला बाहुला त्याच्या हातात दिला.

"हे पप्पा. कारखान्यातून आले."

मग तिने बाहुलीला पुढच्या खोलीत उड्या मारायला लावल्या. धप, धप, धप.

"आता तू बोल, पप्पा."

"काय बोलू?"

"रोज बोलायचास ते."

कैलासने बाहुल्याचा शर्ट उगाच सरळ केला. जीन्स शिवून शिवून मान आखडलेली असायची, घरात पाऊल टाकल्यावर पहिलं वाक्य तेच निघायचं.

"नाचू नकोस," तो हळू म्हणाला. "खालच्यांच्या डोक्यावर पडशील."

ऋतिकाने तळहाताने घर ढकललं. पलंग, कपाट, चिमुकला गॅस, सगळं सतरंजीवर सांडलं. ती रडली नाही. घर उभं करून एकेक वस्तू जागेवर लावू लागली.

कैलासला राहवलं नाही.

"स्लॅबमधलं लोखंड सडलं होतं गं. तुझ्यामुळे नाही पडलं."

"पण तू बोलायचास."

"असाच बोलायचो. दमून यायचो ना, आवाज नको वाटायचा."

ऋतिकाने त्याच्याकडे बघितलं.

"परत खेळू," ती म्हणाली.

बाहुली पुन्हा उड्या मारू लागली. ऋतिकाचा दुसरा हात छपरावर तयार होता. कैलासने बाहुला आत नेला, क्षणभर तसाच धरला, आणि मग बाहुलीशेजारी त्यालाही उडवू लागला. धप, धप. छपरावरचा हात तिथेच राहिला.

"पडलं नाही," ऋतिका म्हणाली.

"नाही पडलं," शलाकाताई म्हणाल्या.

घरी मात्र काही बदललं नाही. ऋतिकाची आई निशा रोज तिच्या पायांकडे बघायची आणि पोळ्या लाटत राहायची.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. खालच्या भागीरथीमावशी होत्या.

"काय कुटताय काय वर? आमचा पंखा हलतोय!"

निशाने मागे वळून बघितलं. पुढच्या खोलीत, अगदी मधोमध, ऋतिका थांबली होती. केस कपाळाला चिकटलेले. ती आईकडे नाही, बापाकडे बघत होती.

"उड्या मारतेय," कैलास म्हणाला. "मारू दे ना मावशी, थोडा वेळ."

"मारू दे म्हणजे? खाली येऊन बसा, मग कळेल."

"येतो," तो म्हणाला, आणि चपला घालून खरंच त्यांच्या मागोमाग निघाला.

मावशींनी पंख्याखाली खुर्ची ओढून दिली. वर सगळं शांत होतं. मग एक धप. थोड्या वेळाने दुसरी. पंख्याचा दांडा थरथरला. कैलासची मान आपोआप वर गेली, हात खुर्चीच्या काठावर आवळले गेले. पण त्याने खुर्ची हलवली नाही.

"ऐकलंत?" मावशी म्हणाल्या.

"ऐकलं."

"मग जाऊन सांगा तिला."

"सांगतो," कैलास म्हणाला. आता वर धपधप सलग चालू झाली होती. "चहा मिळेल का मावशी, अर्धा कप?"