दगडाबरोबर आलेली

मी एक कोळंबी बोलतेय. ताटातली नव्हे, दगडातली. बोटाच्या पेराहून जराशी मोठी. माझी एक नांगी लहान आणि दुसरी अवजड. ती मिटली की ‘टक्’ असा आवाज होतो. आम्ही एकमेकांना तशीच हाक मारतो.

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एका भोकाभोकांच्या दगडात माझं बिऱ्हाड होतं. एका ओहोटीला जोडीदार शेजारच्या डबक्यात गेला होता. तेवढ्यात कुणीतरी दगड उचलला.

त्या होत्या विलेपार्ल्याच्या वसुधाताई. शाळेत जीवशास्त्र शिकवून सत्त्याऐंशी साली निवृत्त झालेल्या. यजमान वारले होते, लेक लग्न होऊन नागपूरला गेली होती. घरात हालतं-चालतं काही असावं म्हणून त्यांनी खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली, तीन पट्टेरी मासे सोडले. शोभेला माझा दगड.

पहिल्याच संध्याकाळी मी जोडीदाराला हाक मारली. ताई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“अगं बाई, काच तडकली!”

चारी बाजूंनी बोट फिरवून पाहिलं. काच धड होती. मग मी पुन्हा ‘टक्’ केलं, तशा त्या काचेला नाक लावून बसल्या.

दोन दिवसांनी एक मासा नाहीसा झाला. आठवड्यात दुसरा. ताईंनी भिंग आणलं, जाडजूड पुस्तक उघडलं. फटीतून दिसणारी माझी एवढीशी नांगी कुठल्याच चित्राशी जुळेना.

“हाच टकटक करणारा खातोय मेला. दगडच उकळत्या पाण्यात घालते!”

आधण ठेवलं, आणि दारात मासळीची पाटी घेऊन शेवंती कोळीण आली. तिनं टाकीत डोकावलं.

“थांब बाई! ही तर टिचकीवाली कोलंबी. ही कसली मासा खाते? चोर बघ, खालच्या भोकात हाय.”

दोऱ्याला बोंबलाचा तुकडा बांधून तिनं तो आत सोडला. खेकडा बाहेर आला, आणि तिच्या पाटीत गेला.

मासे त्यानंच खाल्ले होते, मी पाहिलं होतं. पण त्याच्या चालण्याची खरखर तरी होती. ती गेली आणि दगड एकदम मोठा वाटू लागला.

ताईंना मात्र माझा लळा लागला. चहाचा कप घेऊन रोज समोर बसायच्या. “बोल गं.” मी ‘टक्’ करायची. मग त्या लेकीचं पत्र मला वाचून दाखवायच्या. असे सात महिने गेले. त्यांना वाटायचं, मी त्यांच्याशी बोलते. मी हाक मारत होते दुसऱ्यालाच.

एकदा शेवंती बोललीच. “बाई, तुला आवाज पायजे, तिला जोडीदार पायजे.”

“तू तुझे बोंबील बघ!” ताई कडाडल्या. पण पुढचे आठ दिवस टाकीपाशी बसल्या नाहीत.

रविवारी त्यांनी दगड बादलीत घातला, रिक्षानं वर्सोव्याला आणला आणि पाण्यात ठेवला. “जा गं. माझ्यासाठी अडू नकोस.” भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.

जुना जोडीदार काही भेटला नाही. दुरून टकटक ऐकू येते, मी उत्तर देते. जवळ अजून कुणी आलेलं नाही. पण निदान उत्तर येतं. ताईंकडे तेही नाही.

कधी पार्ल्याला गेलात, तर त्यांच्या दाराची कडी वाजवा. काय काम आहे, असं विचारतील. काही नाही म्हणा, आणि बसा.