पायावरचे दात

मी एक जुना यंत्रमानव आहे, मित्रांनो. उंची तुमच्या तळहाताएवढी, रंग करडा, डावा हात जरा सैल. पुढे सांगणार आहे त्यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तरी हा हात गळून पडो! तो तसाही पडतो म्हणा, पण शपथ ती शपथ.

माझा जन्म साच्यातला. अंतराळातल्या लढायांचे सिनेमे निघायचे, त्यातल्या एका ड्रॉइडचं, म्हणजे यंत्रमानवाचं, मी हुबेहूब रूप. सिनेमात माझ्यामुळेच विश्व वाचलं. जळणारे म्हणतात, तो नुसता दार उघडायला उभा होता. अहो, पण दार उघडलंच नसतं, तर नायक पळाला असता कुठून?

माझी मालकीण, म्हणजे ताई, तेव्हा शाळकरी होती. दप्तरात, उशीखाली, आंघोळीच्या बादलीत, जिथे ती तिथे मी. तिचा रांगता भाऊ मला सारखा तोंडात कोंबायचा. एकदा त्याने माझा डावा पाय असा कडकडून चावला, की खुणा कायमच्या उमटल्या. तरी मी हूं की चूं केलं नाही. तेव्हा मी एकटा होतो ना! एकट्याला सगळं गोड लागतं.

ताई मोठी झाली आणि कवळ्या बनवू लागली. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांवर ती एकेक दात बसवायची, हिरड्यांना गुलाबी रंग द्यायची. आणि हाती चार पैसे आल्यावर तिला जडला तो नाद! खेळण्यांच्या कंपनीने साचा माझाच ठेवला आणि रंग तेवढा बदलला. तांबडा आला, तो म्हणे सेनापती. हिरवा आला, तो हेर. काळ्याला सोनेरी पट्टा, म्हणून तो राजदूत! डोकं माझं, गुडघे माझे, आणि मान त्यांना. ताई त्यांना मऊ ब्रशने पुसायची, काचेच्या कपाटात पुढे मांडायची. मी मागच्या रांगेत, धूळ खात.

सगळ्यात डोळ्यांत खुपायचा तो पाकिटातला. माझ्यासारखाच करडा, पण पाकीट कधी न फोडलेला. आम्ही त्याला जावईबापू म्हणायचो. काम नाही, धूळ नाही, नुसतं कौतुक.

एका दुपारी ताईचा भाऊ पाव घेऊन आला. तो आता बेकरीत भट्टी सांभाळतो. कडेवर त्याची चिमुरडी होती, नुकतेच दात फुटलेली. ताईने टेबलावर जांभळ्या रंगाची बाटली काढली होती.

"आता हे काय नवीन?"

"सिनेमात एक जांभळा दिसतो, पापणी लवते तेवढाच. कंपनीने तो काढलाच नाही. मी करणार."

"ताई, एकाच बाहुल्याला किती अंगरखे शिवशील गं?"

"बाहुला कोणाला म्हणतोस? आणि हात पूस आधी, लोणी लागेल."

"मग घे तो पाकिटातला."

"पाकीट फोडू? शुद्धीवर आहेस ना? हा म्हातारा आहे की. याचं काय बिघडायचंय?"

मित्रांनो, माझ्या मनात उकळ्या फुटल्या! जांभळा झालो की पहिल्या रांगेत, सेनापतीच्याही पुढे. मी तांबड्याकडे असं पाहिलं, की तो आणखी तांबडा झाला.

ताईने जुना रंग काढायला घासकागद उचलला, माझा डावा पाय धरला, आणि थबकली. तिने डोळ्याला भिंग लावलं.

"वर दोन, मध्ये फट. खालचा एक तिरका." तिने मान वळवून चिमुरडीच्या तोंडात पाहिलं. "अरे, ही बघ, अशीच फट! हे तुझे दात आहेत."

"माझे? माझे तर पट्टीसारखे सरळ आहेत."

"दुधाचे रे. ते कधीच पडले. जगात आता एवढेच उरलेत."

भाऊ वाकून त्या खुणा पाहू लागला. मग हळूच म्हणाला, "घासू नकोस हं, ताई."

मी आतून ओरडत होतो, घास गं बाई, घास! पण ताईने कात्री घेतली आणि जावईबापूंचं पाकीट कराकरा कापलं. कपाटातले सगळे हबकले.

जावईबापू जांभळे झाले आणि पहिल्या रांगेत गेले. मला ताईने तिच्या कामाच्या दिव्याखाली ठेवलं. कवळी घडवताना ती मधूनच माझ्या पायावर अंगठा फिरवते. छान वाटतं. पण समोर तो जांभळा चमकतो, आणि माझा घास कडू होतो.

रंग खडखडीत वाळल्यावर एकदा कपाट उघडं राहिलं. चिमुरडी रांगत गेली, तिने नेमका जांभळा उचलला आणि कचकन चावला.

"थुंक! थुंक आधी!" भाऊ धावला. मला वाटलं, आता बघा या जांभळ्याची जिरली! ताईने त्याला भिंगाखाली धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि हसली.

"राहू दे. आता झाला पुरा."

म्हणजे रंगही त्यालाच आणि ताजे दातही त्यालाच! सांगा, याला न्याय म्हणतात? हल्ली कपाटातला एकही रंगाबद्दल बोलत नाही. सेनापती, हेर, राजदूत, सगळे दाराच्या फटीपाशी पाय पुढे करून उभे असतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो, आम्हाला जपा, पण कुलूप लावू नका. रंग बाटलीत मिळतो. खूण मात्र कोणीतरी हातात घेतलं तरच उमटते. आणि ती चिमुरडी तुम्हाला भेटली, तर एवढं तिच्या कानावर घाला. म्हणावं, टेबलावरच्या आजोबांचा उजवा पाय अजून कोरा आहे.